आजाचा वाघदेव आणि आपली मुले

शास्त्रपाठ : २ राजे ५:१-१९, योहान ४:१-२६, प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४ व १९:३७, १ पेत्र ३:१५-१६



या तिमाहीच्या अभ्यासासाठी घेतलेला विषय मला कोणी सुचवलेला नाही. तो माझ्याच एका चुकीतून आला आहे, आणि ती चूक आधी सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वसतिगृहात मी मुलांना पहिली आज्ञा शिकवत होते. चौथी-पाचवीतली वीस-बावीस मुले, बहुतेक वारली, थोडी कोकणा. फ्लॅनेलच्या फळ्यावर एका बाजूला सोन्याचे वासरू लावले होते, दुसऱ्या बाजूला दगडी पाट्या. शिकवण्याच्या भरात मी म्हणून गेले की माणसांनी हाताने घडवलेल्या देवांच्या मागे सैतान बसलेला असतो. मुलांनी ऐकून घेतले, गाणे म्हटले, खाऊ घेतला आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या उचलून आपापल्या पाड्यांवर गेली.

त्यांच्यातल्या एकाला आपण बारक्या म्हणू. त्याच्या पाड्याच्या वेशीवर वाघदेव आहे. लाकडात कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, सगळ्याला शेंदूर. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी आणि गावकरी तेथे जमतात आणि गुरांना, माणसांना जंगलात सांभाळ म्हणून मागणे मागतात. त्या दिवशी तेथे पुढे उभा राहण्याचा मान बारक्याच्या आजाचा. सगळा पाडा जमलेला असताना बारक्याने मोठ्याने सांगितले, "हा देव नाही, सैतान आहे. आमच्या ताईंनी सांगितलंय." आणि समोर ठेवलेला नारळ पायाने उडवला.

आजाने त्याला मारले नाही. हात धरून घरी नेले. सुट्टी संपल्यावर बारक्या परत आला, कारण पोराने शिकावे असे बापाला वाटत होते. पण त्याची धाकटी बहीण, जी पुढच्या जूनमध्ये आमच्याकडे येणार होती, ती आली नाही. आजाने नाही म्हटले.

मला हे सगळे नाताळानंतर कळले. मी पाड्यावर गेले. आजा अंगणात बसून टोपली विणत होता. मला खाट दिली, कोरा चहा आला. मी माफी मागितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाय, मी तुझ्या देवाला कधी शिवी दिली नाही. तू माझ्याच पोराच्या तोंडून माझ्या देवाला दिलीस."

हे वाक्य घेऊन मी घरी आले आणि पवित्र शास्त्र नव्याने उघडले. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी तीन वर्षे अभ्यास केला होता, पण प्रेषितांची कृत्ये १९:३७ या वचनापाशी मी त्याआधी कधी थांबले नव्हते. इफिस शहरात अर्तमी देवीच्या नावाने दंगा पेटला आहे. पौलाचे सोबती जमावाच्या हातात सापडले आहेत. अशा वेळी नगरलेखक, जो स्वतः ख्रिस्ती नाही, उभा राहतो आणि साक्ष देतो की या माणसांनी देऊळ लुटलेले नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. विचार करा. पौल त्या शहरात दोन वर्षांहून अधिक काळ राहिला होता. हाताने केलेले देव हे देव नव्हेत, ही त्याची शिकवण देव्हारे घडविणाऱ्या सोनारांनाही ठाऊक होती (१९:२६), म्हणजे त्याने काही लपवले नव्हते. तरीही परक्या धर्माचा अधिकारी शपथेवर सांगावे तसे सांगतो की यांनी निंदा केली नाही. माझ्याबद्दल त्या पाड्यावर कोणी असे सांगू शकले असते का?

येथे कोणी वाचक १ करिंथ १०:२० काढून दाखवील. मूर्तींना वाहिलेल्या बळींमागे भुते आहेत असे तेथे पौलच लिहितो. होय, लिहितो. पण ते पत्र प्रभूच्या मेजाला बसणाऱ्या प्रौढ विश्वासणाऱ्यांना आहे, त्यांनी स्वतः कोणत्या पंगतीत बसावे याविषयी. अथेन्समध्ये देवळांच्या गर्दीत उभा असताना तोच पौल ते शब्द तोंडातून काढत नाही. मूर्ती पाहून त्याचा जीव आतून तळमळला होता (१७:१६), तरी बोलताना तो त्यांच्या एका वेदीपासून आणि त्यांच्याच कवींपासून सुरुवात करतो. मी काय केले, तर मंडळीच्या आतले, जपून हाताळायचे वचन उचलले आणि दहा वर्षांच्या मुलाच्या खिशात घालून त्याला आजाकडे पाठवले.

नववी आज्ञा मुलांनाही लागू आहे

आपण मुलांना खोटी साक्ष देऊ नकोस असे शिकवतो आणि उदाहरणे देतो ती पेन्सिल चोरल्याची. शेजाऱ्याच्या धर्माविषयी चुकीचे सांगणे हीदेखील शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष आहे, हे मात्र आपल्या शब्बाथ शाळेत मी कधी ऐकलेले नाही. मुले जे ऐकतात ते असे असते: हिंदू लोक दगडाला देव मानतात, मुसलमान भांडखोर, बौद्ध लोक देवच मानत नाहीत म्हणून त्यांना पापाचे काही नाही, आणि आदिवासी भुताखेतांना भजतात. यातले एकेक वाक्य कोणा ना कोणा भल्या काकूंनी प्रेमानेच सांगितलेले असते.

म्हणून पहिली पायरी माहितीची. मी आजाकडे पुन्हा गेले, या वेळी विचारायला. वारल्यांचे देव मी शहरातल्या शेजाऱ्यांच्या देवांच्या यादीत बसवत होते, ते तेथे बसत नाहीत. कणसरी ही धान्याची देवी. घरात आलेले भात, नागली ही तिची देणगी, म्हणून धान्य पायाखाली येऊ द्यायचे नाही. नारनदेव पावसाचा. हिरवा देव आहे, हिमाय आहे. लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, आणि ती लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावणारी धवलेरी ही बाई असते आणि ती ते गाण्यातून लावते. शहरात आपण जी वारली चित्रे पिशव्यांवर आणि कपांवर छापून विकत घेतो, त्यांचे मूळ या चौकात आहे. आपल्याच नाताळविक्रीच्या टेबलावर अशा पिशव्या होत्या, हे मला तेव्हा आठवले. मालाचे पैसे घ्यायला आपल्याला अडचण नाही, त्यामागची श्रद्धा मात्र मुलांसमोर सैतानाची!

मी आजाचे सगळे मान्य केले का? नाही. वाघ आणि पाऊस ज्याने निर्माण केला त्याला मी ओळखते, आणि त्याने आपला पुत्र दिला असे मी मानते. कणसरीचे ऐकताना मला स्तोत्र १०४ आठवत होते, कारण तेथेही जमिनीतून अन्न उगवणे ही देवाचीच कृती आहे आणि रात्री सिंहाची पिले देवाकडेच अन्न मागतात. आजा आणि मी एकाच प्रश्नाला हात घालत होतो: आपण खातो ते कोणाचे, आणि जंगलात आपल्याला राखतो कोण? उत्तरे वेगळी आहेत. प्रश्न सारखा आहे हे मुलांना दाखवले तर उत्तर सांगायला वाट मिळते.

"सगळे धर्म सारखेच ना, आई?"

आता दुसऱ्या टोकाकडे. शहरातल्या मंडळ्यांमधील पालकांची अडचण माझ्या चुकीच्या नेमकी उलट आहे. वाद नको म्हणून ते मुलांना सांगून टाकतात, "सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात, तू फक्त आपल्या चर्चला येत जा." सात वर्षांचे मूल हे ऐकते आणि गप्प बसते. तेरा वर्षांचे मूल विचारते, "मग सकाळी लवकर उठून चर्चला कशाला जायचे?" आणि त्याचे बरोबर आहे.

प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलला ते पाहा. यहूदी ज्यांच्या भांड्यातले पाणी पीत नव्हते तिच्याकडे त्याने पाणी मागितले. देणारी तिला केले, मागणारा स्वतः झाला. आमच्या आदिवासी भागातील सेवेत हे आपण उलटे करतो, आपण कायम देणारे आणि ते कायम घेणारे. मग तिने थेट धर्माचा प्रश्न काढला: तुमचे यरुशलेम खरे की आमचा डोंगर? प्रभूने तो टाळला नाही. तारण यहूद्यांतून आहे हे स्पष्ट सांगितले (४:२२), आणि लगेच दोन्ही जागांच्या पलीकडची, आत्म्याने व खरेपणाने करायच्या उपासनेची गोष्ट सांगितली. फरक लपवला नाही आणि तिला कमीही लेखले नाही. त्याच शोमरोन्यांच्या एका गावाने पुढे त्याला राहायला जागा दिली नाही, तेव्हा याकोब आणि योहान यांना आकाशातून अग्नी पाडायचा होता. प्रभूने शिष्यांना धमकावले, गावाला नाही (लूक ९:५१-५६). बारक्याच्या पायाने नारळ उडाला तेव्हा मी त्या दोघांच्या बाजूला उभी होते, एवढे मला आता कळते.

मुलांना सांगायचे वाक्य मी असे ठरवले आहे: "येशू हाच मार्ग आहे असे आपण मानतो. तुझी मैत्रीण तसे मानत नाही. ती देवाची लाडकी आहे आणि तिच्याशी तू खरे आणि गोड बोलायचे." लहान मुलांना इतके पुरते. मोठ्या मुलांना पुरत नाही, त्यांच्याशी १ पेत्र ३:१५-१६ घेऊन बसावे लागते. तेथे पेत्र आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो, म्हणजे आधी कोणीतरी विचारले पाहिजे. आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्या म्हणतो. माझ्या अनुभवात किशोरवयीन मुलांना पहिला अर्धा भाग पाठ असतो.

मोदक, शिरखुर्मा आणि निळा झेंडा

शहरातले दोन-तीन नेहमीचे प्रश्न घेते, कारण आपल्या मंडळीतील आया मला तेच विचारतात.

गणपतीत शेजारच्या काकूंनी दिलेला प्रसाद. आपल्यात यावर एकमत नाही आणि करिंथ येथेही नव्हते. पौल म्हणतो, बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा. पण हे वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१ करिंथ १०:२५-२९). आमच्या घरात आम्ही असे ठरवले की पूजेचा म्हणून दिलेला प्रसाद मुलगा घेणार नाही, पण तो दोन्ही हात जोडून सांगेल, "काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुमच्या हातचे मोदक मला आवडतात." दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याच्यासाठी वेगळे, देवापुढे न ठेवलेले मोदक पाठवले. त्यानंतर दर वर्षी पाठवतात, आणि नाताळात आमच्याकडच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. आमच्या ओळखीचे एक पाळक मात्र मुलांना प्रसाद घेऊ देतात, मूर्ती काहीच नाही या पौलाच्याच आधाराने (१ करिंथ ८:४). मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मुलाला एवढे कळले पाहिजे की नकार हा पदार्थाला आहे, काकूंना नाही. नाक मुरडून नाही म्हणणे मला प्रसाद खाण्यापेक्षा मोठे पाप वाटते.

ईदचा शिरखुर्मा यापेक्षा सोपा, तो जेवण आहे. तेथे प्रश्न वेगळाच येतो. वर्गातला मुसलमान मित्र म्हणतो, "तुमचा येशू आमच्या कुराणात पण आहे." आपले मूल घरी येऊन म्हणते, तो खोटे बोलतो. तो खोटे बोलत नाही. कुराणात ईसा यांना संदेष्टा म्हणून मान आहे, त्यांच्या आईच्या, मरियमच्या, नावाने एक अध्याय आहे. मात्र येशू देवाचा पुत्र आहे आणि वधस्तंभावर मेला हे ते मानत नाहीत, आणि आपला विश्वास नेमका तेथेच उभा आहे. पालकांनी एवढे माहीत करून घेतले तरी मुलाला मित्राचे बोलणे खोटे ठरवावे लागत नाही.

आणि निळा झेंडा. हा तर आपल्यातल्या अनेकांच्या घरातलाच विषय. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांत एक शाखा चर्चमध्ये आली आणि दुसरी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे धम्मात गेली. आत्या बौद्ध, आजोबा ख्रिस्ती. लग्नात एकीकडे प्रार्थना, दुसरीकडे पंचशील. मुलांना आपण सांगतो की आत्याने देव सोडला. आत्याने काय सोडले आणि का, हे आत्यालाच विचारू द्या. माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी तिच्या वडिलांनी तो निर्णय घेतला, हे कळल्याने आपल्या मुलाचा विश्वास डळमळणार नाही. उलट आपले खापरपणजोबा मिशनच्या शाळेत का गेले, हेही त्याला त्यातून समजेल.

एका घरात दोन वाटा ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षे त्यांच्या मुलाने ख्रिस्ती वडील आणि हिंदू आई अशीच पाहिली. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. हसतील आणि रडतीलही.

आजीचा प्रश्न

सर्वांत कठीण प्रश्न मला गेल्या पावसाळ्यात विचारला गेला. दुसरीतली मुलगी, रात्री आठची प्रार्थना झाल्यावर माझ्या साडीला धरून उभी राहिली. "ताई, माझी आजी कणसरीला पुजते. ती मेल्यावर आगीत जाईल का?" आदल्या आठवड्यात पाहुणे आले होते, त्यांनी मुलांना काही गोष्ट सांगितली होती. चार वर्षांपूर्वी मी जे केले तेच, त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही.

मी तिला काय सांगितले ते जसेच्या तसे लिहिते, कारण हे वाचून काही जण असहमत होतील आणि त्यांनी तसे मला कळवावे. मी म्हणाले, "तुझ्या आजीला देवाने निर्माण केले. तो तिला नावाने ओळखतो, तुझ्यापेक्षा जास्त दिवस ओळखतो. तिचा न्याय करणे त्याचे काम आहे, माझे नाही, तुझे तर मुळीच नाही. आणि तो अन्याय करत नाही." अब्राहामाने सदोमासाठी देवाशी बोलताना याच गोष्टीचा आधार घेतला होता (उत्पत्ती १८:२५). ती म्हणाली, "मग मी आजीला येशूचे सांगू का?" मी म्हणाले, "आजीने विचारले तर सांग. आधी तिला पाणी भरून दे."

येशूशिवाय तारण नाही या योहान १४:६ वरून मी मागे हटलेले नाही. पण ते वचन प्रभूने घाबरलेल्या शिष्यांना धीर देण्यासाठी बोललेले आहे, सात वर्षांच्या मुलीने आजीच्या चितेची कल्पना करावी म्हणून नव्हे. मुलाला भीतीने जे शिकवले जाते ते भीती गेली की जाते. आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलांत मी हे पाहिले आहे.

देणगीदार बंधुभगिनींना दोन शब्द

आपल्यापैकी काही जण प्रेमाने विचारतात की या वर्षी किती मुले प्रभूकडे आली. या प्रश्नाचे उत्तर मी आकड्यात देणार नाही. ही मुले शिकायला, जेवायला, आजारातून बरे व्हायला पालकांनी आपल्या भरवशावर पाठवलेली आहेत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. आमचे वसतिगृह त्या शब्दांत बसते की नाही, हा वकिलाचा प्रश्न झाला. बाप दारात येऊन पोराचा हात आपल्या हातात देतो, तेव्हा तो हाच भरवसा देत असतो.

पंडिता रमाबाईंची आठवण येथे होते. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. मुलींनी आपापल्या रीतीभाती पाळाव्यात, सक्ती नाही, असे ठरले होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली पुण्यातील सल्लागार सुधारकांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की त्यांनी कोणावर सक्ती केली नाही, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरी गेलेल्या त्या विधवा मुलींचे पुढे काय झाले असेल, हा विचार मला सोडत नाही. भरवसा तुटतो तेव्हा चूक कोणाची हे ठरेपर्यंत मुलगी घरी गेलेली असते.

म्हणून आता आमच्याकडे असे आहे. सायंप्रार्थनेला पालकांनी हो म्हटले असेल तीच मुले बसतात, बाकीची त्या वेळी अभ्यासाच्या खोलीत असतात आणि खाऊ सगळ्यांना सारखा. पाहुण्यांनी काय सांगायचे ते आम्ही आधी विचारतो. काही पाहुण्यांना याचा राग आला. एक देणगी बंद झाली.

शब्बाथ शाळेसाठी एक धडा

या तिमाहीत कोणत्याही एका रविवारी २ राजे ५ घ्या. नेहमी आपण नामानाची गोष्ट सांगतो आणि यार्देनेत सात बुड्या मारायला लावून संपवतो. या वेळी ती त्या मुलीची म्हणून सांगा. तिला नाव नाही. अरामी टोळ्यांनी तिला घरून उचलून आणले आहे, परक्या देशात, परक्या देवाच्या घरात ती मोलकरीण आहे. मुलांना विचारा, मालकाला कोड आहे हे कळल्यावर तिला काय वाटले असेल? "बरे झाले" असे म्हणणारे मूल निघतेच, त्याला थांबवू नका. मग सांगा की ती काय बोलली. तिने नामानाच्या देवाला नावे ठेवली नाहीत. आपल्या मालकाने बरे व्हावे एवढेच तिला वाटले, आणि तो कोठे बरा होईल ते तिला माहीत होते म्हणून तिने मालकिणीला सांगितले.

दहा वर्षांवरील मुलांना पुढचा भागही वाचून दाखवा, जो आपण सहसा गाळतो. बरा झालेला नामान अलीशाला म्हणतो की मी आता दुसऱ्या देवाला होमबली करणार नाही, पण माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा असावी. अलीशा त्याला रागवत नाही, उपदेशही करत नाही, शांतीने निरोप देतो (५:१८-१९). यावर मुलांना मोकळेपणाने बोलू द्या. आमच्याकडे बारक्या, जो आता आठवीत आहे, म्हणाला, "म्हणजे वाघबारशीला मी आजाबरोबर जाऊन नुसता उभा राहिलो तर चालेल?" मी म्हणाले, मला माहीत नाही, तू प्रार्थना करून ठरव. तो गेला. आजाला काठी धरता येत नव्हती म्हणून त्याचा हात धरून उभा राहिला. नारळ त्याने वाहिला नाही, आणि आजाने वाहायला सांगितलेही नाही.

प्रार्थनेसाठी विनंती : बारक्याची बहीण यंदा पाड्यावरच्या शाळेतून चौथी पास होईल. ती शाळा चौथीपर्यंतच आहे, पाचवी नऊ किलोमीटरवर आहे. एप्रिलमध्ये मी पाड्यावर जाणार आहे. आजाने अजून हो किंवा नाही काहीच सांगितलेले नाही.